जुना कचराडोंगर सावरायचा आणि नवं पुनर्चक्रण केंद्र उभारायचं: पहिल्यांदाच हात घालणाऱ्यांसाठी

कचऱ्याचा जुना डोंगर सावरण्याचं काम अंगावर आलं, की पहिला प्रश्न बहुतेक वेळा यंत्रांचाच येतो. कुठली चाळणी घ्यायची, किती पोकलेन लागतील, ताशी किती टन निघेल? हे प्रश्न महिनाभर बाजूला ठेवा. आधी दोन गोष्टी शोधा: या ढिगात पाणी कुठून येतं आणि कुठे जातं. ढीग कुजवतं ते पाणी, वायू निघतो तो पाण्यामुळे, विहिरी नासतात त्या पाण्यामुळे आणि डोंगर कोसळतो तोही बहुधा पाण्यामुळेच. पुढे नवीन केंद्रातही ओल्या कचऱ्यासोबत आलेलं पाणीच कागद सडवतं आणि चाळणी बुजवतं. पाण्याचा हिशेब लागला, की निम्मे निर्णय आपोआप सुचतात.

पायरी १: जुने कागद, जुनी माणसं आणि पायी फेरी

आधी जागेचा इतिहास गोळा करा. जुने नकाशे, जुनी हवाई छायाचित्रं, उपग्रहचित्रं, जागा ताब्यात घेतल्याचे कागद. ढिगाखाली पूर्वी दगडखाण होती की ओढा, हे कळलं पाहिजे. ओढ्यावर टाकलेला कचरा आणि सपाट माळावर टाकलेला कचरा यांच्यावर उपाय वेगळे होतात, कारण ओढा वरून बुजवला तरी खालून वाहतच राहतो.

कागदांपेक्षा जास्त माहिती माणसांकडे असते. वर्षानुवर्षं तिथे गाड्या रिकाम्या करणारे चालक आणि कचरावेचक यांच्याशी बसून बोला. कारखान्याची पिंपं कुठे पुरली, आग कुठे वारंवार लागते, कुठल्या कोपऱ्यात फक्त राडारोडा आहे, हे ते बोट दाखवून सांगतात. इतकी नेमकी माहिती कुठल्याही अहवालात मिळत नाही.

मग मोठा पाऊस होऊन गेल्यावर ढिगाच्या पायथ्याने पूर्ण फेरी मारा. काळसर-तपकिरी, फेसाळ पाणी कुठून पाझरतंय ते नकाशावर टिपा. या पाण्याला लिचेट म्हणतात. साचलेल्या डबक्यात बुडबुडे येत असतील, तर खालून वायू निघतोय. हिरव्या गवतात मध्येच करपलेला पट्टा दिसला, तर तिथेही वायू असण्याची शक्यता धरा, कारण त्याने मुळांचा ऑक्सिजन हिरावलेला असतो. माथ्यावर काठाला समांतर भेगा दिसल्या, तर त्या बाजूच्या पायथ्याशी कुणालाही उभं राहू देऊ नका.

भेगांबद्दल इतकं बजावण्याला कारण आहे. फिलिपीन्समधल्या मनिलाजवळच्या पायातास इथे १० जुलै २००० रोजी मुसळधार पावसानंतर कचऱ्याचा डोंगर वस्तीवर घसरला आणि दोनशेहून अधिक माणसं गेली. इंडोनेशियात बांडुंगजवळच्या लेउविगाजाह इथे २१ फेब्रुवारी २००५ रोजी तसंच घडलं. तिथेही आधी मोठा पाऊस झाला होता आणि ढिगाच्या आत आग धुमसत होती. तीव्र उतार, आत मुरलेलं पाणी आणि पायथ्याला घरं, हे तिन्ही एकत्र दिसले तर बाकी सगळ्या कामांआधी ती घरं सुरक्षित करा.

पायरी २: वायूची भीती वेळेवर बाळगा

ढिगातल्या वायूत साधारण निम्मा मिथेन आणि निम्मा कार्बन डायऑक्साइड असतो. हवेत मिथेनचं प्रमाण ५ ते १५ टक्क्यांच्या दरम्यान गेलं, की ठिणगीने स्फोट होतो. हा वायू ढिगाच्या हद्दीत थांबत नाही. भेगाळलेल्या खडकातून, जुन्या पाइपांच्या कडेने तो शेजारच्या घराच्या जोत्याखाली जाऊन साठतो. इंग्लंडमधल्या लॉस्को गावी २४ मार्च १९८६ रोजी असाच साठलेला वायू पेटून एक बंगला उद्ध्वस्त झाला आणि घरातली तीन माणसं जखमी झाली. त्या दिवशी हवेचा दाब काही तासांत झपाट्याने उतरला होता. दाब उतरला, की जमिनीतला वायू जोराने बाहेर येतो. म्हणून वायूची मोजणी फक्त शांत, उघडीप असलेल्या दिवशी करून समाधान मानू नका. दाब उतरत असतानाही मोजा.

कामावरच्या प्रत्येक तुकडीकडे मिथेन, ऑक्सिजन, कार्बन मोनॉक्साइड आणि हायड्रोजन सल्फाइड मोजणारं छोटं यंत्र हवं. हायड्रोजन सल्फाइडला सडक्या अंड्यांचा वास येतो, पण प्रमाण वाढलं की नाक बधिर होतं आणि वास येणंच थांबतं. वास गेला म्हणजे धोका टळला, हा समज जिवावर बेततो. चाचणी खड्ड्यात किंवा मॅनहोलमध्ये कुणीही उतरायचं नाही. नमुना वर काढून घ्यायचा.

पायरी ३: ढीग मोजा, उघडून पाहा

ड्रोनने पृष्ठभागाची मोजणी एका दिवसात होते, पण ड्रोनला तळ दिसत नाही. त्यासाठी बोअर घ्यावे लागतात आणि जुन्या नकाशावरची समोच्चरेषा (सारख्या उंचीच्या जागा जोडणारी रेघ) ताडून पाहावी लागते. समजा जागा ५ हेक्टर आहे आणि कचऱ्याची सरासरी जाडी १२ मीटर. घनफळ झालं ६ लाख घनमीटर. मुरलेल्या जुन्या कचऱ्याची घनता दर घनमीटरला साधारण १ टन धरली, तर ६ लाख टन. तळाचा अंदाज दोन मीटरने चुकला, तर हिशेब १ लाख टनांनी चुकतो. ठेकेदाराशी होणारे बहुतेक वाद या दोन मीटरमधूनच निघतात, म्हणून बोअरच्या संख्येत काटकसर करू नका.

आता चाचणी खड्डे. पोकलेनचं बकेट तीन-चार मीटर खाली गेलं, की येणारा ढेकूळ नीट बघा. गरम असतो, कधी वाफ येते. गाठ मारलेली प्लास्टिकची पिशवी जशीच्या तशी असते, आतलं मात्र काळ्या चिखलासारखं झालेलं. आणि कोरड्या थरात वर्तमानपत्राचा तुकडा सापडला, तर त्यावरची तारीख वाचता येते. १९७३ मध्ये ॲरिझोना विद्यापीठात विल्यम राथजे या पुरातत्त्वज्ञाने कचऱ्याचा शास्त्रीय अभ्यास सुरू केला आणि पुढे भरावभूमी, म्हणजे कचरा पुरून टाकण्याच्या जागा, खणल्या, तेव्हा दशकांपूर्वीची वर्तमानपत्रं वाचता येण्याजोगी निघाली. पुरलं की सगळं कुजतं, ही समजूत त्या खणण्यांनी मोडली. पाणी आणि हवा जिथे पोचत नाही, तिथे कुजणं जवळपास थांबतं. त्यामुळे तुमच्या एकाच ढिगात एक भाग पूर्ण शमलेला आणि शेजारचा अजून उकळत असलेला असू शकतो. तारखेचा कागद सापडला, तर त्याचं खोलीसह छायाचित्र काढा. थराचं वय सांगणारा तो फुकटचा पुरावा आहे.

प्रत्येक खड्ड्यातून तीन गोष्टी तपासा: ओलावा किती, बारीक मातीसारखा भाग किती टक्के, आणि त्या मातीत शिसं, कॅडमियम, क्रोमियम, पारा यांसारखे धातू किती. सगळा पुढचा निर्णय या तीन आकड्यांवर उभा राहतो.

पायरी ४: झाकायचं की उपसायचं

दोन मोठे रस्ते आहेत. ढीग जागेवरच आकार देऊन, झाकून, वायू आणि लिचेट सांभाळत ठेवायचा, किंवा तो खणून, चाळून जागा मोकळी करायची. दुसऱ्याला बायोमायनिंग म्हणतात. लोकांना उपसणं आवडतं, कारण जागा मिळते. माझं मत असं, की निघालेली माती आणि जळाऊ कचरा घेणारा कुणीतरी लेखी तयार झाल्याशिवाय उपसायला सुरुवात करू नये. एका ठिकाणी मी पाहिलं, की दोन वर्षं चाळणी चालली आणि शेवटी एका मोठ्या ढिगाऐवजी तीन मध्यम ढीग उभे राहिले. मातीचा, प्लास्टिकच्या चिंध्यांचा आणि दगडांचा. चिंध्यांच्या ढिगाला पहिल्याच उन्हाळ्यात आग लागली.

ढीग फार उंच असेल, त्यात औद्योगिक विषारी माल असेल किंवा माती कुठे वापरता येणार नसेल, तर झाका. ढीग उथळ असेल, जमिनीखालचं पाणी जवळ असेल, तळाला कसलंही अस्तर नसेल आणि मालाला गिऱ्हाईक असेल, तर उपसा. बऱ्याचदा एक बाजू उपसून दुसरी झाकणं हाच शहाणपणाचा मार्ग ठरतो.

पायरी ५: झाकायचं ठरलं तर

आधी उतार कमी करा. साधारण तीन मीटर आडवं गेल्यावर एक मीटर चढ, हे सुरक्षित मानलं जाणारं प्रमाण आहे, आणि मध्ये मध्ये आडवे टप्पे सोडायचे. माथा सपाट ठेवू नका. पुढे तो खचणार आहे, आणि सपाट माथा खचला की त्याची पाणी धरणारी थाळी होते.

मग थर. कचऱ्यावर समतल मातीचा थर, त्यावर वायू गोळा करणारा खडीचा किंवा जाळीचा थर, त्यावर पाणी अडवणारा थर, त्यावर पाणी वाहून नेणारा थर आणि सगळ्यांत वर झाडोऱ्यासाठी माती. अडवणारा थर म्हणजे दाबलेली चिकणमाती, किंवा एचडीपीई या टणक प्लास्टिकची चादर (जिओमेम्ब्रेन), साधारण दीड मिलिमीटर जाडीची. बहुतेक जण या चादरीवर सगळं लक्ष देतात आणि तिच्यावरच्या निचऱ्याच्या थरात कंजूषी करतात. पाऊस मुरला आणि त्याला वाट मिळाली नाही, तर वरची माती चादरीवरून घसरत खाली येते.

हा सगळा खर्च कशासाठी, ते एका हिशेबात कळेल. वर्षाला १००० मिलिमीटर पाऊस पडत असेल, तर ५ हेक्टरांवर ५ कोटी लिटर पाणी पडतं. उघड्या ढिगात त्यातलं ३० टक्के मुरलं, तरी दीड कोटी लिटर. १० हजार लिटरच्या टँकरने ते हलवायचं म्हटलं, तर दीड हजार खेपा, दर वर्षी. लिचेट शुद्धीकरणाचा मोठा प्रकल्प उभारण्याआधी स्वच्छ पावसाचं पाणी वरच्या वर वळवणारे चर खणा. सगळ्यात स्वस्त लिचेट तेच, जे तयारच झालं नाही.

वायूसाठी उभ्या विहिरी घेतात, साधारण ३० ते ६० मीटर अंतराने, आणि नळ्यांनी तो वायू ओढून जाळतात किंवा इंधन म्हणून वापरतात. जाळून सोडणंही फायद्याचं आहे, कारण जळल्यावर मिथेनचा कार्बन डायऑक्साइड होतो, आणि शंभर वर्षांच्या हिशेबात मिथेन हा कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे २८ पट तापमानवाढ करतो. इथेही पाणी आडवं येतं. गरम वायूतली वाफ नळीत थंड होऊन पाणी होतं, ढीग खचला की नळीला झोळ पडतो, झोळात पाणी साठतं आणि वायू अडतो. म्हणून नळ्यांना भरपूर उतार द्या आणि प्रत्येक खोलगट जागी पाणी काढायची सोय ठेवा. ढीग किती खचेल? उंचीच्या १० ते ३० टक्के, काही दशकांत. म्हणजे २० मीटरच्या ढिगावर २ ते ६ मीटर, आणि तेही सगळीकडे सारखं नाही. माथ्यावर पक्की इमारत बांधायचा आग्रह कुणी धरला, तर हा आकडा पुढे करा.

घाई करणाऱ्यांना न्यूयॉर्कचं फ्रेश किल्स दाखवावं. १९४८ मध्ये सुरू झालेली, सुमारे ८९० हेक्टरांची ही जागा २००१ मध्ये बंद झाली आणि तिथल्या उद्यानाचा उत्तरेकडचा पहिला भाग लोकांसाठी खुला व्हायला २०२३ उजाडलं. सोलमधल्या नानजिदोला मात्र बराच कमी वेळ लागला. १९७८ ते १९९३ कचरा पडला आणि २००२ मध्ये तिथे उद्यान खुलं झालं. ढिगाचा वायू आजूबाजूच्या उष्णतेच्या गरजेसाठी वापरला गेला.

पायरी ६: उपसायचं ठरलं तर

खणून चाळण्याची कल्पना नवी नाही. १९५३ मध्ये तेल अवीवजवळ जुना कचरा उपसून त्यातली माती फळबागांना दिली गेली होती. आज मात्र कचऱ्यात प्लास्टिक आणि धातू इतके आहेत, की तपासणीशिवाय ही माती अन्न पिकवणाऱ्या जमिनीत घालू नये. भरावासाठी किंवा ढिगाच्याच झाकणासाठी वापरणं सुरक्षित.

काम असं चालतं. वरून टप्प्याटप्प्याने थर खरवडायचा, दोन-अडीच मीटर उंचीच्या लांबट राशी लावायच्या आणि दर आठवड्याला त्या उलटायच्या. हवा लागली, की उरलंसुरलं कुजतं, ऊब वाढते आणि पाणी उडून जातं. चार ते सहा आठवड्यांत रास चाळण्याजोगी होते. झाली की नाही, हे हाताने कळतं. हातमोजा घालून मूठभर घ्या आणि दाबा. मूठ उघडल्यावर गोळा तसाच राहिला, तर अजून ओली आहे. भुगा होऊन सांडली, तर चाळणीवर घ्या. ओली रास घाईने घेतली, की चिखल प्लास्टिकला चिकटतो. मग माती घाणेरडी, प्लास्टिकही घाणेरडं आणि दोन्हींना गिऱ्हाईक नाही. पावसाळ्याच्या महिन्यांत उपसा बंद राहील, असंच वेळापत्रक धरा. पायरी ३ मधल्या ढिगातून दिवसाला १००० टन उपसले आणि वर्षात २५० दिवसच काम झालं, तर ६ लाख टनांना जवळपास अडीच वर्षं लागतील. अशा कामाला कागदावर दीड वर्षाची मुदत दाखवली असेल, तर ती वर्षाचे ३६५ दिवस आणि त्यावरही थोडी ओढाताण धरून काढलेली असते.

खणलेला उभा कडा रात्री तसाच सोडू नका. उतार देऊन, मातीने झाकूनच घरी जा.

पायरी ७: नवीन केंद्र

जुना ढीग बंद करायच्या दिवशी रोजचा कचरा जायला दुसरी जागा नसेल, तर तो जुन्याच ढिगाच्या मागच्या बाजूला पडतो. म्हणून केंद्र आधी चालू व्हायला हवं. इस्रायलमधल्या हिरिया इथे ढीग आणि केंद्र शेजारी-शेजारी दिसतात. १९९८ मध्ये कचरा टाकणं थांबलेला सुमारे ६० मीटर उंचीचा डोंगर आज उद्यानाचा भाग आहे आणि त्याच्याच पायथ्याशी पुनर्चक्रणाचं काम चालतं.

जुन्या ढिगात जे निघालं, त्यावरून नव्या केंद्राची आखणी करू नका. लोकांचा कचरा बदललेला असतो. आजचा कचरा मोजा, सलग सात दिवस, आणि वेगळ्या ऋतूत पुन्हा सात दिवस. पद्धत सोपी आहे. गाडीचा माल पसरायचा, कालवायचा, चार भाग करायचे, समोरासमोरचे दोन ठेवून बाकीचे काढायचे, आणि सुमारे १०० किलो उरेपर्यंत हेच करायचं. मग हाताने वेगळं करून प्रत्येक प्रकार तोलायचा. घाण काम आहे, पण आखणी करणाऱ्याने एक दिवस तरी स्वतः करावं. ओल्या भाजीच्या रसात भिजलेला पुठ्ठा हातात आला, की घराघरांतूनच ओला-सुका वेगळा करण्यावर खर्च का करायचा, ते समजतं. भिजलेला कागद कुठलंही यंत्र पुन्हा कोरडा करून देत नाही.

क्षमता काढताना दिवसाचे तास खरे धरा. दिवसाला १०० टन सुका कचरा, दोन पाळ्या म्हणजे १६ तास. त्यातून जेवण, सफाई, पट्ट्यात अडकलेल्या चिंध्या काढणं वजा केलं, तर साडेबारा तास उरतात. म्हणजे ताशी ८ टन. सणासुदीची आणि सुट्टीनंतरची वाढ धरून ताशी १० टनांचं यंत्र. उतरवण्याच्या फरशीवर दोन दिवसांचा माल मावायला हवा: २०० टन, सुट्या सुक्या कचऱ्याची घनता घनमीटरला १०० किलो धरली तर २००० घनमीटर. ३ मीटर उंच रचला, तर सुमारे ६७० चौरस मीटर, आणि गाड्या व लोडर फिरायला जवळपास तितकीच आणखी. ही फरशी लहान ठेवणं, ही मला सगळ्यात जास्त वेळा दिसलेली चूक आहे. आणि तिच्यावर छप्पर हवंच.

यंत्रांचा क्रम साधारण असा असतो. वजनकाटा, मग फरशीवर गाद्या, दोर, गॅस सिलिंडर आणि बॅटऱ्या हाताने काढणं. पिशवी फोडणारं यंत्र. मग ट्रोमेल, म्हणजे फिरतं छिद्रांचं पिंप, जे बारीक गाळ खाली पाडतं. चपटा माल वर आणि गोल माल खाली पाठवणारं यंत्र. पट्ट्यावरचं चुंबक लोखंड उचलतं, तर एडी करंट यंत्र ॲल्युमिनियमचे डबे पुढे उडवतं. त्यानंतर इन्फ्रारेड प्रकाशाने प्लास्टिकची जात ओळखून हवेच्या झोताने वेगळी करणारं यंत्र. काळ्या प्लास्टिकपुढे हे यंत्र बहुतेक वेळा हतबल होतं, कारण त्यातली काजळी प्रकाश गिळते. शेवटी हाताने तपासणी आणि गठ्ठे बांधणं. इतकं सगळं पहिल्या दिवसापासून नको. रोजचे १०-१५ टन असतील, तर चांगला पट्टा, चुंबक, गठ्ठे बांधणारं बेलिंग मशिन आणि प्रशिक्षित माणसं पुरतात. इन्फ्रारेडच्या यंत्राचा पैसा वसूल व्हायला माल मोठा आणि कोरडा लागतो.

माणसं कुठून आणायची हा प्रश्नच पडू नये. जुन्या ढिगावर वेचणारे लोक मालाची जात नजरेने आणि आवाजाने ओळखतात. बाटली चुरगळून ते पीईटी (पाण्याच्या बाटल्यांचं प्लास्टिक) आहे की नाही, ते सांगतात. कुंपण घालण्याआधी त्यांची नोंद करा आणि केंद्रातली कामं त्यांना आधी द्या. ब्राझीलची राजधानी ब्राझिलिया इथला एस्त्रुतुराल हा प्रचंड ढीग जानेवारी २०१८ मध्ये बंद झाला, तेव्हा तिथल्या वेचकांच्या सहकारी संस्थांना वर्गीकरण केंद्रांत काम मिळालं. ही सोय नसेल, तर बंदीच्या दिवसापासून शेकडो घरांची चूल विझते, आणि कुंपणही महिनाभरात तुटतं.

आगीसाठी वेगळी तरतूद करा. चिरडलेली लिथियम बॅटरी सुक्या कागदाच्या ढिगात पेटायला वेळ लागत नाही. उष्णता टिपणारे कॅमेरे, ढिगांमध्ये मोकळे पट्टे, आणि आग विझवल्यावरचं काळं पाणी साठवायला टाकी.

आलेल्यातलं सगळं विकलं जाणार नाही. चांगल्या केंद्रातही १० ते ३० टक्के उरतंच. त्यासाठी अस्तर घातलेली शास्त्रीय भरावभूमी आराखड्यात पहिल्यापासून दाखवा. कागदावर उरलेला कचरा शून्य लिहिला, तर प्रत्यक्षात तो रात्री गुपचूप कुठेतरी जातो.

पायरी ८: बंद केल्यानंतरची वर्षं

अमेरिकेच्या नियमांत बंद केलेल्या भरावभूमीची साधारण ३० वर्षं काळजी घ्यावी लागते. तुमच्याकडे नियम काहीही असो, तेवढाच काळ डोळ्यांसमोर ठेवून पैसे वेगळे काढा. ढिगाच्या वरच्या आणि खालच्या बाजूला, म्हणजे जमिनीखालचं पाणी जिकडून येतं आणि जिकडे जातं तिथे, निरीक्षण विहिरी घ्या आणि दर तीन महिन्यांनी पाणी तपासा. वरच्या विहिरीचा नमुना नसेल, तर खालचं पाणी ढिगाने बिघडवलं की आधीच बिघडलेलं होतं, हे कधीच सिद्ध करता येणार नाही. दर वर्षी त्याच खुणांवर उंची मोजा. पाणी साठणाऱ्या खळग्यांत पाऊस सुरू होण्याआधी माती भरा. चर साफ करा. आणि आपोआप उगवलेली मोठ्या मुळांची झाडं लहान असतानाच काढा, कारण ती उन्मळली तर झाकणाचा तुकडा सोबत घेऊन जातात.